कचेरीतला मुक्काम

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, त्याला कल्पनाही आली नसेल की पुढे कधी तरी लोक पदरचे पैसे मोजून कोर्टात रात्रीच्या मुक्कामाला जातील. लंडनच्या बो स्ट्रीटवरची इमारत हे त्याचं ठसठशीत उदाहरण. १८८१ पासून तिथे मॅजिस्ट्रेटचं कोर्ट भरत असे. ऑस्कर वाइल्डला १८९५ साली तिथेच उभं केलं होतं. २००६ साली कोर्टाला कुलूप लागलं आणि २०२१ पासून तिथे एक महागडं हॉटेल चालू आहे. मराठी माणसाला या इमारतीत थोडं थबकावंसं वाटेल. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून आलेल्या विनायक दामोदर सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली आणि त्यांना बो स्ट्रीटच्या कोर्टापुढे नेलं गेलं. त्यांना हिंदुस्थानात पाठवून तिथे खटला चालवावा, असा हुकूम तिथल्या मॅजिस्ट्रेटने १२ मेला दिला. मार्सेलिसची उडी, हेगचा निवाडा, अंदमान, ही सगळी साखळी त्या हुकमापासून सुरू होते. आता तिथे पाहुणे बॅगा घेऊन उतरतात आणि सकाळी नाश्ता करतात.

बो स्ट्रीट आठवायचं कारण लखनौ. २०२३ साली उत्तर प्रदेश सरकारने राज्यातल्या काही जुन्या वास्तू खासगी भागीदारीतून हॉटेलांसाठी द्यायचं ठरवलं. त्या यादीत लखनौची छतर मंजिल आहे, गुलिस्तान-ए-इरम आहे, दर्शन विलास आहे आणि कैसरबागेतली रोशन-उद-दौला कोठी आहे. यातली शेवटची कोठी माझ्या दृष्टीने वेगळी. बाकीच्यांना लोक महाल म्हणून ओळखतात. हिला मात्र जुने लखनौकर आजही ‘रोशन-उद-दौला कचहरी’ म्हणतात. रोशन-उद-दौला हा बादशहा नासिरुद्दीन हैदरचा वजीर. त्याने १८२७ ते १८३७ या बादशहाच्या कारकिर्दीत ही कोठी बांधली. युरोपीय खांब आणि लखनवी गिलावा यांचा तो मिलाफ आहे. त्यातलं फ्रेंच किती आणि अवधी किती, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. पुढे वाजिद अली शाहने कोठी जप्त केली, तिला ‘कैसर पसंद’ असं नाव दिलं आणि आपल्या एका बेगमेला राहायला दिली. १८५७ च्या धामधुमीत इथेच खालच्या दालनांत इंग्रज कैदी डांबलेले होते. म्हणजे या वास्तूत आपल्या मर्जीविरुद्ध मुक्काम करणारी पहिली माणसं साहेबाचीच होती.

बंड मोडल्यावर इंग्रजांच्या हाती एक नव्हे, महालांचं आख्खं शहर आलं. नवीन इमारती बांधायला वेळ नव्हता आणि पैसा खर्चायची इच्छाही नसावी. मग कुठे क्लब बसला, कुठे संग्रहालय आलं, कुठे कचेरी. छतर मंजिलीत आधी साहेबांचा क्लब होता. स्वातंत्र्यानंतर तिथे औषधसंशोधनाची केंद्रीय संस्था आली आणि पुढे साठेक वर्षं जनानखान्याच्या त्या महालात परीक्षानळ्या खणखणत राहिल्या. रोशन-उद-दौलाच्या वाट्याला कचेरी आली. ज्या दालनात वजिराची मैफल बसायची, तिथे पट्टेवाला पक्षकाराच्या नावाचा पुकारा करू लागला. अवधात तेव्हा खटल्यांना तोटा नव्हता. इंग्रजांनी तालुकदारांना सनदा दिल्या, १८६९ साली त्यांच्या जमिनींसाठी वेगळा कायदा केला, आणि मग वारस कोण, दत्तक खरा की खोटा, कुळाचा हक्क किती, यावर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालले. खेड्यातून आलेला कुळवाडी आदल्या रात्री शहरात पोचायचा, सोबतच्या शिदोरीवर रात्र काढायचा आणि सकाळी वकिलाच्या मुन्शीला शोधत फिरायचा. कचेरीतला आपल्याकडचा खरा मुक्काम हा असा असे. त्याची नोंदवही कुणी ठेवलेली नाही.

कचेरी कधीच हलली. आता तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. कोठीचं हॉटेल होईल तेव्हा होईल. मला त्यात अपमान वगैरे वाटत नाही. रिकामी इमारत पडते, वापरातली टिकते, हा साधा हिशेब आहे. खटकतं ते निराळं. हॉटेलच्या माहितीपत्रकात काय छापलं जाईल, याचा अंदाज आजच करता येतो. नवाब येतील, बेगमा येतील, गलौटी कबाब येतील. कचेरी गाळली जाईल. नवाब विकला जातो, तारखेसाठी ताटकळलेला माणूस विकला जात नाही. इमारतीचा इतिहास असाच निवडून सांगितला जातो आणि मधली शंभर वर्षं गळून पडतात. हे कसं होतं, ते नीट समजून घ्यायचं तर याच शहरातल्या दुसऱ्या एका कोर्टाकडे वळावं लागेल. त्या कोर्टाचा तर चिराही शिल्लक नाही, आणि त्यात एका वऱ्हाडी माणसाचं आयुष्य अडकलेलं आहे.

कोठीपासून हजरतगंजच्या दिशेने चालत निघालं की वीसेक मिनिटांत मोठं पोस्ट ऑफिस लागतं. लखनौकर त्याला जीपीओ म्हणतात. समोर बाग, बागेत गांधींचा पुतळा. शहरात कुणालाही धरणं धरायचं असलं की तो इथे येऊन बसतो. आजची इमारत १९२९ ते १९३२ या काळातली आहे. त्याआधी या जागी रिंग थिएटर होतं. ते साहेबलोकांच्या करमणुकीचं नाट्यगृह. हिंदी माणसाला प्रेक्षक म्हणून तिथे मज्जाव असे. १९२६ मध्ये सरकारने या नाट्यगृहाचं कोर्ट केलं आणि मग हिंदी माणसं आत गेली. त्यांच्या हातांत बेड्या होत्या.

खटला काकोरीचा. ९ ऑगस्ट १९२५ च्या संध्याकाळी सहारनपूरहून लखनौला येणारी आठ डाउन पॅसेंजर काकोरीजवळ साखळी ओढून थांबवण्यात आली. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकुल्ला खान, राजेंद्र लाहिरी, चंद्रशेखर आझाद धरून दहा जण. गार्डाच्या डब्यातली सरकारी तिजोरी घणाने फोडली आणि रोकड घेऊन ते लखनौकडे पसार झाले. रक्कम थोड्या हजारांत मोजण्याइतकीच होती. गोंधळात माउझर पिस्तुलातून गोळी सुटून अहमद अली नावाचा एक उतारू ठार झाला. हे नाव काकोरीच्या गोष्टीत फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम घेतो. धरपकड मग देशभर झाली. शहाजहानपूर, बनारस, कानपूर, कलकत्ता, लाहोर, जबलपूर. आणि पुणे.

पुण्यात पकडलेला माणूस म्हणजे रामकृष्ण खत्री. जन्म ३ मार्च १९०२, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचा. घराणं खत्र्यांचं, वडिलांचं नाव शिवलाल चोप्रा, आईचं कृष्णाबाई. म्हणजे मूळ पंजाबकडचं, पण मुलगा वऱ्हाडात वाढलेला, मराठी अस्खलित बोलणारा. अशा माणसाला मराठी म्हणावं की नाही, यावर आपल्या सभासंमेलनांत तासभर वाद होऊ शकतो. बिस्मिलांना तो वाद पडला नव्हता. या तरुणाला मराठी येतं, हे पाहून त्यांनी मध्य प्रांत आणि महाराष्ट्रात हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनची शाखा वाढवायचं काम त्याच्यावर टाकलं. लहानपणी टिळकांच्या भाषणाने भारावलेला हा मुलगा पुढे उदासीन पंथाच्या साधूंमध्ये गेला, स्वामी गोविंदप्रकाश झाला. साधूंची संघटना बांधून त्यांना देशकार्याला लावावं, असा त्याचा विचार होता. चंद्रशेखर आझादांना गाझीपूरच्या एका मठात शिष्य म्हणून धाडायची कल्पनाही याच ओळखीतून निघाली. महंत म्हातारा आहे, गादी मिळेल, मठाची संपत्ती क्रांतीला कामी येईल, असा हिशेब होता. शिष्याच्या सेवेने महंतच धडधाकट झाले आणि आझाद कंटाळून परत आले. क्रांतिकारकांच्या चरित्रांत असे हसरे प्रसंग थोडेच असतात, असलेले सोडू नयेत.

खत्री त्या संध्याकाळी काकोरीला नव्हते. गाडी त्यांनी थांबवली नाही, तिजोरीला हात लावला नाही. पण सरकारचा खटला केवळ दरोड्याचा नव्हता. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट, हा मुख्य आरोप होता, आणि कटाच्या आरोपाची खुबीच ही की त्यात हजेरी लागत नाही. ठाकूर रोशनसिंहही गाडीवर नव्हते. त्यांना फाशी झाली.

नाट्यगृहच का निवडलं असावं? एवढे आरोपी, त्यांचे वकील, पोलिसांचा ताफा, साक्षीदारांची रांग, हे सगळं नेहमीच्या कोर्टात मावणं कठीण होतं. सरकारी मनात दुसरंही काही असेल. नाट्यगृहात रंगमंच असतो, पडदा असतो, बसायच्या जागा ठरलेल्या असतात, आणि कुणी कुठून आत यायचं नि कुठून बाहेर जायचं हेही ठरलेलं असतं. न्यायासनाला ही व्यवस्था आयतीच मिळाली. मात्र आरोपींनाही ती मिळाली. तुरुंगातून गाडीने येताना ते गाणी म्हणत येत आणि रस्त्याकडेला लोक जमत. ज्या हॉलमध्ये साहेबांनी इंग्रजी नाटकं पाहिली, तिथे आता हे वीस-पंचवीस तरुण रोज हजर होत होते.

न्यायाधीश हॅमिल्टन. सरकारतर्फे पंडित जगत नारायण मुल्ला. बचावाला गोविंद वल्लभ पंत, मोहनलाल सक्सेना, चंद्रभानू गुप्त आणि इतर. यातल्या जगत नारायणांची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण ती सोपी नाही. १९१६ साली लखनौला काँग्रेस भरली. टिळक मंडालेहून सुटून आल्यावर पुन्हा काँग्रेसमध्ये आले ती हीच काँग्रेस, लखनौ कराराची. स्वागत समितीचे अध्यक्ष होते जगत नारायण. मवाळ मंडळींना टिळकांची मिरवणूक वगैरे नको होती. त्यांना मोटारीतून गुपचूप न्यायचा बेत होता. तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे बिस्मिल आणि त्यांचे सोबती मोटारीपुढे आडवे झाले. शेवटी भाड्याची गाडी आणली, तिचे घोडे सोडले आणि पोरांनी ती गाडी स्वतः ओढत लखनौच्या रस्त्यांवरून टिळकांची मिरवणूक काढली. फाशीच्या थोडे दिवस आधी गोरखपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथेत बिस्मिलांनी हा प्रसंग सांगितला आहे. दहा वर्षांनी तोच मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात होता आणि ते स्वागताध्यक्ष समोर सरकारी वकील म्हणून उभे होते. त्या दिवसाचा राग जगत नारायणांनी काढला, असं लोक म्हणतात. असेलही. पण हेच जगत नारायण जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीवर होते, आणि चिमणलाल सेटलवाडांबरोबर त्यांनी इंग्रज सभासदांपासून वेगळा अहवाल देऊन डायरला दोषी धरलं होतं. डायरच्या गोळीबाराला चूक म्हणणारा आणि बिस्मिलांना फास मागणारा माणूस एकच. त्याच्या लेखी दोन्ही ठिकाणी कायदाच बोलत असेल. असा माणूस आपल्याला नकोसा वाटतो, कारण त्याला कुठल्याच चौकटीत बसवता येत नाही.

खटला चालताना जगत नारायणांच्या तोंडून एकदा आरोपींसाठी ‘मुलझिम’ऐवजी ‘मुलाझिम’ असा शब्द गेला, अशी आख्यायिका आहे. एका मात्रेने आरोपीचा नोकर झाला. बिस्मिलांनी जागच्या जागी शेर रचून उत्तर दिलं म्हणतात, की नोकर आम्ही नाही. लखनौत उच्चाराची चूक खपत नाही, मग बोलणारा सरकारी वकील का असेना.

या खटल्याच्या दिवसांत लखनौत दुसरा एक मराठी माणूस आपलं आयुष्यभराचं काम मार्गी लावत होता, हे सहसा कुणी जोडून पाहत नाही. विष्णू नारायण भातखंडे. वकिलीची पदवी घेतलेले, काही काळ कराचीत वकिली केलेले, मग सगळं सोडून संगीताच्या मागे लागलेले. राय उमानाथ बली आणि शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या मदतीने त्यांनी १९२६ च्या सप्टेंबरात कैसरबागेत संगीताचं महाविद्यालय उघडलं. नाव ‘मॅरिस कॉलेज’. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून. तेच मॅरिस, ज्यांचं सरकार रिंग थिएटरात खटला चालवत होतं. पुढच्या वर्षी दयेचे अर्ज फेटाळले गेले तेव्हाही गव्हर्नर तेच होते. भातखंडेबुवांना यासाठी बोल लावायचा माझा अजिबात हेतू नाही. संस्था काढायची तर सरकारचा हात धरावा लागे, आणि त्या संस्थेने पुढे जे दिलं ते आपण सगळे आजही ऐकतो आहोत. कॉलेजला भातखंड्यांचं नाव मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. पण वीसेक मिनिटांच्या अंतरावर, एकाच वर्षी, एक मराठी माणूस गव्हर्नरच्या नावाने विद्यालय उघडतो आणि दुसरा त्याच गव्हर्नरच्या सरकारचा कैदी म्हणून नाट्यगृहात उभा असतो. दोघांनीही लखनौ आपलंसं केलं. शहराने मात्र दोघांना सारखं लक्षात ठेवलं नाही.

६ एप्रिल १९२७ रोजी हॅमिल्टननी निकाल दिला. बिस्मिल, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशी. शचींद्रनाथ संन्यालांना जन्मठेप, मन्मथनाथ गुप्तांना १४ वर्षं, रामकृष्ण खत्रींना १० वर्षं सक्तमजुरी. अशफाकुल्ला उशिरा सापडले, त्यांचा खटला वेगळा चालला आणि जुलैत त्यांनाही फाशी झाली. अपील अवधच्या चीफ कोर्टात गेलं. हे चीफ कोर्ट स्वतःच तेव्हा नवंकोरं होतं, १९२५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे काकोरीनंतर तीन महिन्यांनी सुरू झालेलं. फाशीच्या शिक्षा कायम राहिल्या. १७ डिसेंबर १९२७ ला गोंड्याला लाहिरी गेले. १९ डिसेंबरला गोरखपूरला बिस्मिल, फैजाबादला अशफाकुल्ला, अलाहाबादला रोशनसिंह.

नाट्यगृहाचा पडदा पडल्यावर सरकारने तिथे पुन्हा नाटकं सुरू केली नाहीत. दोन वर्षांनी काम सुरू झालं आणि १९३२ पर्यंत घड्याळाच्या मनोऱ्याचं पोस्ट ऑफिस उभं राहिलं. हे मुद्दाम, आठवण पुसायला केलं का? तसं ठामपणे म्हणण्याइतका आधार नाही. मोक्याची सरकारी जागा होती आणि वाढत्या राजधानीला मोठं पोस्ट हवं होतं. शेजारी विधानभवनाची भव्य इमारतही त्याच सुमारास, १९२८ मध्ये खुली झाली. आठवण पुसायला नेहमी हेतू लागतोच असं नाही. गरजेची वास्तू पुरते.

पण त्या विधानभवनाने काही निराळंही घडवलं. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि मुख्यमंत्रिपदी बसले गोविंद वल्लभ पंत, रिंग थिएटरातल्या बचावाचे वकील. तुरुंगात उरलेल्या काकोरीच्या कैद्यांना त्यांनी सोडलं. जे न्यायाधीशापुढे मांडून मिळालं नव्हतं, ते दहा वर्षांनी फाइलीवरच्या सहीने मिळालं. चंद्रभानू गुप्तही पुढे, १९६० साली, त्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. ज्या नाट्यगृहात हे दोघे हरले होते, ते त्यांच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. फक्त तिथे आता तिकिटं मिळत होती, तीही टपालाची.

आरोपी ज्या तुरुंगात रात्री काढत, तो जुना जिल्हा तुरुंगही आता राहिला नाही. तो पाडून तिथे कांशीराम यांच्या नावाची मोठी बाग केली आहे. म्हणजे काकोरी खटल्याच्या लखनौतल्या दोन्ही मुख्य जागा, दिवसाची आणि रात्रीची, गेल्या. जीपीओच्या आवारात काकोरी स्तंभ आहे. ९ ऑगस्टला आणि १९ डिसेंबरला तिथे हार पडतात. काकोरीजवळ बाजनगरला शहीद स्मारक आहे. २०२१ पासून उत्तर प्रदेश सरकारने ‘काकोरी कांड’ आणि ‘षड्‌यंत्र’ हे शब्द टाकून ‘काकोरी ट्रेन ॲक्शन’ असं म्हणायचं ठरवलं. आपण मराठीत अजून ‘काकोरी कट’ म्हणतो. सरकारी वकिलाने आरोपपत्रात वापरलेला शब्द शंभर वर्षं आपल्या तोंडी टिकला, हे कळल्यावर जीभ जरा अडखळतेच.

अशा वेळी मुंबईच्या उच्च न्यायालयाची आठवण येते. १९०८ साली टिळकांना तिथे सहा वर्षांची शिक्षा झाली. १९५६ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी सेंट्रल कोर्टाबाहेर एक शिला बसवली. शिक्षा ऐकल्यावर टिळक जे बोलले, ते त्या शिलेवर कोरलेलं आहे. म्हणजे शिक्षा देणाऱ्या कोर्टाने आपल्याच भिंतीवर आरोपीचं म्हणणं लिहून ठेवलं. हे करता आलं, कारण कोर्ट त्याच इमारतीत अजूनही चालू होतं आणि पुढे चालणार होतं. वकील रोज त्या शिलेसमोरून जातात. लखनौत ती सोय नव्हती. न्यायालय दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाडाला आलं होतं, कधी वजिराच्या कोठीत, कधी साहेबांच्या नाट्यगृहात. काम झालं, बिऱ्हाड हललं. मागे राहिलेल्या घराने आपली पहिली ओळख तेवढी धरून ठेवली किंवा नवी घेतली. मधल्या भाडेकरूची पाटी लावायला कोणीच बांधील नव्हतं.

भाडेकरू गेला, पण एक आरोपी राहिला. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर रामकृष्ण खत्रींना जायला जागा होत्या. चिखली होती, वऱ्हाड होतं. ज्या पुण्यात पकडलं गेलं ते पुणंही होतं. त्यांनी लखनौ निवडलं. ज्या शहरात त्यांना बेड्या घालून आणलं, जिथल्या नाट्यगृहात त्यांना दहा वर्षांची शिक्षा ऐकवली, तिथेच त्यांनी संसार मांडला. सोबत्यांपैकी जे गेले त्यांच्याविषयी त्यांनी हिंदीत ‘शहीदों की छाया में’ हे पुस्तक लिहिलं. १९७७ मध्ये फाशीला ५० वर्षं झाली तेव्हाच्या लखनौतल्या समारंभात ते पुढे होते. तोवर जीपीओच्या खिडकीवर रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना रिंग थिएटर हे नावही माहीत नसणार. खत्रींना ते माहीत होतं. तिथे न्यायाधीश कुठे बसे आणि आपण कुठे उभे होतो, हे सांगू शकणारी जी मोजकी माणसं उरली होती त्यांत ते एक.

आपल्या मराठी इतिहासलेखनात त्यांना जागा फार थोडी आहे. पुण्याचे म्हणावेत तर ते पुण्यात फक्त पकडले गेले. वऱ्हाडचे म्हणावेत तर आयुष्य काढलं अवधात. हिंदीत त्यांच्याविषयी लिहिलेलं सापडतं, तिथे चिखलीचं नाव एका ओळीत येऊन जातं. आपण बाहेर गेलेल्या माणसाची नोंद घेतो ती बहुधा सरदार, संस्थानिक किंवा गवई असेल तर. कैदी म्हणून गेलेला आणि तिथेच राहिलेला माणूस आपल्या कुठल्या वहीत लिहायचा, ते ठरलेलं नाही.

रोशन-उद-दौला कोठीत कधी काळी खोल्या सजल्या, आणि कुणी मराठी कुटुंब लखनौ पाहायला जाऊन तिथे उतरलं, तर त्यांनी संध्याकाळी हजरतगंजपर्यंत चालत यावं. जीपीओच्या घड्याळाखाली दहा मिनिटं उभं राहावं. संध्याकाळच्या गर्दीत तिथे चाटवाले असतात, बागेत कुणाचं तरी उपोषण चालू असतं, खिडक्या बंद व्हायच्या बेतात असताना कुणी धावत पाकीट घेऊन येतो.

१८ ऑक्टोबर १९९६ रोजी खत्री लखनौतच वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी. वॉरंटावर आलेला माणूस सत्तर वर्षं मुक्कामाला राहिला होता.